दुखतंय ते पायात की पोटात?

पत्र साताऱ्यातल्या एका वाचकाचं आहे. वय ४८, नोकरी बँकेत. गेली सात वर्षं ते सातारा हिल हाफ मॅरेथॉन न चुकता धावतात. यंदाही नाव नोंदवलं होतं. पण पावसाळ्याच्या सुरुवातीला उजव्या नडगीत दुखायला लागलं. आधी वाटलं स्नायू आखडला असेल. तेल चोळलं, शेकलं, पट्टी बांधून आणखी दोन लाँग रनही मारले. शेवटी एमआरआय काढला तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर, निघालं. डॉक्टरांनी आठ आठवडे धावणं बंद करायला सांगितलंय आणि शर्यत तीन आठवड्यांवर आली आहे.

खरी अडचण पुढेच आहे. त्यांची पत्नी, वय ४४, दीड वर्षापूर्वी त्यांच्याच आग्रहानं धावायला लागली आणि यंदा पहिल्यांदाच हाफ धावणार आहे. ते लिहितात, "तिला शूज मी घेऊन दिले, यवतेश्वर घाटाचा चढ कसा घ्यायचा ते मी शिकवलं. आता ती वर जाणार आणि मी खाली टाळ्या वाजवणार." पत्नीचं म्हणणं, "तुम्ही घाटात उभे राहणार असाल तरच मी धावेन." मागच्या रविवारी ते धावणाऱ्यांच्या ग्रुपला पाणी द्यायला म्हणून गेले. ती हसत समोरून गेली, पण यांच्या हातून टाळी वाजेना. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. "स्वतःच्या बायकोचा हेवा करणारा मी कसला माणूस?" असं विचारतात.

त्यांच्या डोक्यात तीन विचार आहेत. एक, त्या दिवशी कोरेगाव तालुक्यातल्या गावी शेतीचं काहीतरी काम काढून निघून जावं. दोन, दुखणं आता जवळजवळ थांबलंय, तर नुसतं चालत का होईना, शर्यत पूर्ण करावी. तीन, बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर) वाया जाऊ नये म्हणून भाच्याला द्यावा. शेवटी लिहितात, "सात वर्षं ती यायची तसा मी नुसता उभा राहू शकत नाही. माझा तो स्वभाव नाही. काय करू?"

—

सर,

तुमच्या पत्रावरून दिसतं की ग्रुपमध्ये सगळे तुम्हाला सर म्हणतात. मीही तेच म्हणते.

पायाचं आधी उरकू, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं असं नव्हे. धावताना हाडाची रोज थोडी झीज होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. झीज जास्त आणि भर कमी असं आठवडेच्या आठवडे चाललं की हाडाला बारीक चीर पडते. सुरुवातीला ती एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतही नाही, म्हणून तर तुम्हाला एमआरआय काढावा लागला. वेदना आधी जाते, हाड मागून भरतं. या मधल्या काळातच माणूस फसतो. चालत पूर्ण करतो म्हणता, पण एकवीस किलोमीटर म्हणजे साधारण तीस हजार पावलं, त्यातली निम्मी चिरलेल्या पायावर. शिवाय तुमची शर्यत काही सपाटीवरची नाही. जाताना चढ आणि येताना उतार, आणि नडगीला धक्का बसतो तो उतारावर. चीर वाढून हाड पूर्ण मोडलं तर आठ आठवड्यांचे कित्येक महिने होतील, कदाचित ऑपरेशनही. वेदनाशामक गोळी घेऊन निभावून नेण्याचा विचार तुम्ही लिहिलेला नाही, पण तुमच्यासारखे बरेच जण करतात, म्हणून सांगून ठेवते. दुखणं ही त्या हाडाची एकमेव हाक आहे, ती गोळीनं बंद होते. आणि घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडांना महागात पडू शकतात. तेव्हा चालणं नाही. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासून घ्यायचं का, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा. आणि खरं सांगा, दुखायला लागायच्या आधीच्या महिन्यात तुम्ही किलोमीटर एकदम वाढवले होते ना?

बिब भाच्याला देऊ नका. बिबच्या नंबरामागे नोंद असते ती तुमची. नाव, वय, अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा ते. पोरगा घाटात चक्कर येऊन पडला तर मदतीला धावलेल्या माणसाच्या हाती अठ्ठेचाळीस वर्षांच्या गृहस्थाची माहिती पडणार. फोन लागणार तुमच्या बायकोला, आणि ती तर स्वतःच रस्त्यावर असणार. आणि पोरगा पडला नाही, चांगला जोरात पळाला, तर तुमच्या वयोगटातल्या कुणाचा तरी नंबर त्याच्यामुळे हुकणार. पैसे गेले ते गेले.

आता पोटाचं.

हेवा वाटला की आपण म्हणतो, पोटात दुखतंय. पण खरंच पोट दुखलं तर कुणी आरशासमोर उभं राहून 'मी कसला माणूस' असं विचारत नाही. चिमूटभर ओवा चावतो आणि कुशीवर पडून राहतो. तुम्ही मात्र दुखतंय याचीच लाज धरून बसला आहात. पाय दुखतो त्याची लाज नाही, उलट एमआरआयचा फोटो ग्रुपवर टाकला असेल (टाकलात ना?), आणि पोटाचं मात्र नळ सोडून.

आणि मला तर तो धड हेवाही वाटत नाही. मी पत्र पुन्हा वाचून पाहिलं. तिनं धावू नये, तिचा वेळ खराब यावा, ती मधेच थांबावी, असा एक शब्दही तुम्ही लिहिलेला नाही. उलट शूज, चढ, रविवारचे रन हे सगळं तुम्ही मोजून लिहिलंय. माझा अंदाज आहे की दीड वर्ष तुमच्या मनात एक चित्र होतं. घाटात दोघं शेजारी शेजारी, धुकं, ती धापा टाकतेय, तुम्ही म्हणताय सावकाश, अजून दोन वळणं आहेत. ते चित्र गेलं. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा येईल, पण तिची पहिली शर्यत पुन्हा येणार नाही. अंदाज चुकला असेल तर सोडून द्या. बरोबर असेल तर मग त्या बाथरूममधल्या रडण्याला हेवा म्हणू नका. आणि ते चित्र तिला सांगा. सांगितलं नसेल अशी माझी खात्री आहे.

मी पेनानं अधोरेखित केलं ते वाक्य मात्र दुसरंच आहे. "सात वर्षं ती यायची तसा मी नुसता उभा राहू शकत नाही."

'नुसता' या शब्दापाशी मी थांबले. हिशेब तुमचा प्रांत, तरी मांडून बघते. तुम्ही धावत येताना रस्त्याच्या कडेच्या माणसाला पन्नासएक मीटर दिसता. तुमचा वेग लक्षात घेता ते झाले वीसेक सेकंद. एकदा जाताना, एकदा येताना. सात वर्षांत चौदा वेळा. सगळे मिळून पाच मिनिटंही भरत नाहीत. त्या पाच मिनिटांपायी ती सात वेळा चार वाजता उठली असेल. मुलांचं बघितलं असेल, तुमचा चहा आणि केळं पुढं केलं असेल, रस्ते बंद व्हायच्या आत पोचली असेल, पावसात छत्री आणि कोरडा शर्ट सांभाळत उभी राहिली असेल. तुम्ही समोरून गेलात तेव्हा तिच्याकडे बघितलंत का? की घड्याळाकडे? रागावू नका, बहुतेक धावणारे घड्याळाकडेच बघतात, मीही तशीच. मला एवढंच विचारायचंय, तिचा तरी तो 'स्वभाव' होता का? कुणी विचारलं होतं तिला? उभं राहणं हे तिच्या वाट्याला आलं आणि धावणं तुमच्या, आणि सात वर्षांत दोघांनाही ते इतकं अंगवळणी पडलं की आता जागा बदलल्यावर तुमच्या तोंडून निघून गेलं, माझा तो स्वभाव नाही.

हे मी तुम्हाला खजील करायला लिहीत नाही. खजील होऊन जाल तर परतफेड करायला जाल, आणि ते तर अगदीच नको. बँकेत आहात म्हणून सांगते, हे कर्ज नाही, याचे हप्ते पाडू नका. सात वर्षांचं एका सकाळी फेडतो अशा चेहऱ्यानं उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून कुणाही बाईच्या पायातलं बळ जाईल.

तुम्हाला सांगायला आणखी एक गोष्ट आठवली होती, ती लिहिते आणि लगेच खोडते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासाला पैसे कमी पडत होते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर गावच्या वेशीपासून महादेवाच्या मंदिरापर्यंत मिरवणूक निघाली, १५१ बैलगाड्यांची, आणि एरवी पंधरा मिनिटांच्या त्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, असं गावातले सांगत आले. कडेला उभं राहणाऱ्यांची थोरवी सांगायला आपल्या जिल्ह्यात याहून चांगली गोष्ट सापडायची नाही. पण तुमच्या उपयोगाची ती नाही. त्या प्राचार्यांना काही हेलसिंकीच्या आखाड्यात उतरायचं नव्हतं. गाडीवानांपैकी कुणी आदल्या महिन्यात गुडघा दुखावलेला पैलवान नव्हता. ज्याला स्वतःलाच उतरायचं होतं त्याचं उभं राहणं वेगळं असतं, आणि थोरामोठ्यांच्या गोष्टींनी ते सोपं होत नाही.

मला ते थोडंफार माहीत आहे. मी मूळची सांगलीची. एका वर्षी तिथल्या एका छोट्या शर्यतीच्या आधी घोटा मुरगळला, नुसता मुरगळला नाही, लिगामेंट फाटलं, आणि मैत्रिणींच्या आग्रहाखातर मी प्लास्टरचा पाय घेऊन आयर्विन पुलाच्या तोंडाशी उभी राहिले. पहिला अर्धा तास भयंकर गेला. पुढचे धावणारे गेले, मग माझ्या वेगाचे आले. ते सगळ्यात वाईट. ज्यांच्या मागेपुढे आपण असतो त्या ओळखीच्या पाठी एकेक करून निघून जातात. मी टाळ्या वाजवत होते आणि मनात प्रत्येकाला शिव्या देत होते. मग तिथली पाणी देणारी मुलगी म्हणाली, काकू, एवढी संत्री सोलून द्याल का, माझे हात पुरत नाहीत. दीड तास मी खुर्चीवर बसून संत्री सोलली. मन मोठं झालं वगैरे काही नाही. नखं पिवळी झाली आणि शिव्या द्यायला वेळ उरला नाही, इतकंच. सगळ्यात शेवटी एक साठीच्या बाई आल्या. चालतच होत्या. पुलावर तोवर कुणी उरलं नव्हतं. त्यांनी दोन फोडी घेतल्या, शेजारी उभ्या राहून खाल्ल्या, आणि मला म्हणाल्या, पायाला काय झालं गं? मग आम्ही पाच मिनिटं घोट्याबद्दल बोललो आणि त्या पुढे गेल्या. त्या सकाळी मला त्या पाच मिनिटांसाठी बरं वाटलं.

म्हणून म्हणते, आधी मन साफ होऊ दे, मग जाईन, असं ठरवू नका. ते तीन आठवड्यांत होणार नाही. पोट दुखत असतानाही माणूस उपयोगी पडू शकतो.

गावी जाण्याबद्दल. न जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि काही वाचकांना मी तोच सल्ला देईन. ज्यांचं नुकतं ऑपरेशन झालंय, ज्यांना डॉक्टरांनी आता कधीच धावू नका असं सांगितलंय आणि ते अजून पचलेलं नाही, त्यांनी पहिल्या वर्षी शर्यतीच्या रस्त्यावर फिरकू नये. घरी राहावं, दुपारी पेढे घेऊन जावं. पण त्यासाठी शेतीचं काम काढायचं नाही. पेरण्या कधी उरकल्या आणि काढणी कधी असते हे तिलाही कळतं. तिला जे खटकेल ते तुमचं नसणं नव्हे, खटकेल ते खोटं. जायचं नसेल तर सरळ म्हणा, "मला बघवणार नाही. तू धाव. दुपारी जेवायला बाहेर जाऊ आणि तू मला पहिल्या पावलापासून सांग." हे ऐकून तिला वाईट वाटेल, पण कळेल.

तुमच्या बाबतीत मात्र मला वाटतं तुम्ही जावं. कारण तुम्हाला जायचं नसतं तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं, गुपचूप एसटी पकडली असती.

जायच्या आधी दोन बोलणी करून घ्या. पहिलं तिच्या त्या अटीबद्दल. "तुम्ही असाल तरच धावेन" हे तुम्हाला प्रेम वाटलं असेल किंवा अडवणूक. मला ती भीती वाटते. कसली, ते तिलाच विचारा. चढाची नसेल, चढ तुम्ही शिकवलाय. पहिल्यांदा धावणाऱ्यांना बऱ्याचदा वेगळीच धास्ती असते. आपण सगळ्यात मागे राहू, धुक्यात रस्त्यावर एकटेच असू, उतारावर मांड्या थरथरायला लागतील आणि आसपास कुणी नसेल. भीती कळली की तिच्यावर उपाय निघतो. ग्रुपमधल्या तिच्याच वेगाच्या एखाद्या बाईशी जोडी ठरवता येते. तुम्ही घाटात उभं राहणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण तुम्ही एकाच वळणावर असणार आणि वळणं कितीतरी आहेत. तिला ती अट मागे घ्यायला लावा. तुमची सोय म्हणून नव्हे. उद्या तुमचा पाय त्या सकाळी सुजला आणि डॉक्टर घरी बसा म्हणाले, तर तिची दीड वर्षांची मेहनत तुमच्या नडगीवर टांगलेली नको.

दुसरं, तिला विचारा की ती कुठे उभी राहायची. काय घेऊन जायची, कंटाळा कधी यायचा, तुम्ही काय केलं की राग यायचा. चढ तुम्ही तिला शिकवलात, हे तिला तुम्हाला शिकवू दे. या कामात तिला सात वर्षांचा अनुभव आहे आणि तुम्ही नवशिके आहात. मला तर वाटतं, या एका बोलण्यातच निम्मं पोटदुखणं उतरेल. तुम्हाला ठाऊक नसलेल्या चौदा गोष्टी निघतील.

आता त्या सकाळचं. तुमच्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घाटात उभे राहू नका. उतरता रस्ता, पाऊस, कठड्याजवळचं शेवाळ आणि चिरलेलं हाड, हे सगळं एकत्र नको. शिवाय रस्ता बंद झाला की चार तास खाली येता येत नाही, आणि चार तास उभं राहणं ही विश्रांती नव्हे. किती वेळ उभं राहायचं, बूट कुठला घालायचा हे डॉक्टरांना आधीच विचारा. तुमची शर्यत त्याच रस्त्यानं जाते आणि त्याच रस्त्यानं परत येते, ही मोठी सोय आहे. खाली गावातच, समर्थ मंदिराच्या आसपास कुठेतरी, जिथं वाहन जवळ लावता येईल आणि मागं एखाद्या दुकानाची पायरी असेल, अशी जागा धरा. ती दोनदा दिसेल. तिचा वेग किलोमीटरला आठ मिनिटं धरला आणि तुम्ही सुरुवातीपासून तीन किलोमीटरवर उभे असाल, तर बंदूक उडाल्यावर पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास ती जाईल आणि दोन तास पंचवीस मिनिटांच्या आसपास परत येईल. मधले दोन तास तुमचे. घडीचं स्टूल न्या, बसा, चहा प्या. उभं राहून हौतात्म्य पत्करायची गरज नाही.

नुसतं जाऊ नका, काम मागून घ्या, तेही बसून करायचं. ग्रुपचे कोरडे कपडे, गाड्यांच्या किल्ल्या, फोन सांभाळायला एक माणूस लागतोच आणि ते काम कुणालाच नको असतं. रिकामे हात असले की मन घड्याळाकडे जातं.

लोक विचारणार, अरे सर, तुम्ही नाही धावत? पंधरा जण तरी विचारतील आणि प्रत्येक वेळी तेवढंच लागेल. त्यासाठी एक वाक्य घरूनच पाठ करून न्या. "नडगीला चीर आहे, यंदा किल्ल्या सांभाळतोय." पूर्ण इतिहास सांगायला लागलात की गळा दाटेल. दाटलाच तर टोपी पुढं ओढा. त्या दिवसांत साताऱ्यात भुरभुर असतेच, चेहरा ओला असल्याचं कुणाला नवल वाटत नाही.

ओरडायचं काय, यावर थोडं बोलायला हवं, कारण तुमचा धोका मला इथेच दिसतो. आपल्या भागात कुस्तीचं मैदान भरतं तेव्हा कडेला बसलेला प्रत्येक जण वस्ताद असतो. हलगी वाजत असते आणि चारी बाजूंनी पट काढ, भारंदाज मार, सुरू असतं. कुस्तीत ते शोभतं. तुम्ही सात शर्यतींचे अनुभवी, तिचे गुरू, त्यात धावता येत नसल्यानं आत सगळं तुंबलेलं. ती समोर आली की तुमच्या तोंडून निघणार, खांदे सैल सोड, पावलं छोटी टाक, वेग कमी कर. हे करू नका. जे शिकवायचं ते शिकवून झालं. तिला नावानं हाक मारा. घरात 'अगं' म्हणत असाल तरी रस्त्यावर नावानंच, मोठ्यानं. स्वतःचं नाव कानावर पडलं की थकलेला माणूस मान वर करतो.

बाकीच्या धावणाऱ्यांनाही हाका मारा. बिबवर नाव छापलेलं असेल तर नावानं, नाहीतर शर्टाच्या रंगानं. "थोडंच राहिलंय" हे कधीही म्हणू नका, अगदी खरोखर थोडं राहिलं असेल तेव्हा सोडून. चढाला लागायच्या आधी थोडंच राहिलंय ऐकण्याइतका संताप दुसऱ्या कशाचा येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. चालणाऱ्याला "पळा पळा" म्हणायचं नाही, तो चालतोय त्याला कारण आहे. आणि पुढचे वीस जण गेले, मेडलवाले गेले, की गर्दी पांगते. तेव्हा उठू नका. शेवटच्या शंभर जणांसाठी रस्त्यावर कुणीच नसतं, आणि खरी गरज त्यांनाच असते. तिची भीती आठवा, बहुधा ती याच शंभर जणांत सापडण्याची असेल.

खायला तिला सवयीचं असेल तेवढंच द्या, सरावात जे घेतलं असेल ते. नवीन काही नाही, प्रेमानं आणलेला कंदी पेढासुद्धा शर्यतीनंतरच.

तुमच्या ग्रुपलाही एक निरोप द्या, किंवा हे सदर त्यांना वाचायला द्या. जखमी माणसाला "पुढच्या वर्षी नक्की" असं म्हणू नका. त्याला पुढच्या वर्षाचं काहीच वाटत नसतं, त्याला या रविवारचं वाटत असतं. त्यापेक्षा त्याला काम सांगा. आणि शर्यतीनंतर मिसळीला त्याला बोलवायला विसरू नका. धावला नाही म्हणून भूक लागत नाही असं नाही.

शर्यत संपल्यावर तिचे फोटो काढून होईपर्यंत थांबा. त्यानंतर जमणार नसेल, मेडलं गळ्यात घातलेली गर्दी सोसणार नसेल, तर तिला सांगून गाडीत जाऊन बसा. एवढं ती समजून घेईल. तिनंही सात वर्षं कुठेतरी गाडीत बसून तुमची वाट बघितली असेलच.

आणि हो, परतीला ती दिसेल तेव्हा तिची वेळ सांगू नका. तिनं विचारली तरच सांगा. घड्याळ काढून खिशात ठेवलंत तर आणखी बरं.